डाइव्ह वॉच घ्यायचंय? सांगलीकर घड्याळप्रेमींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव, विटा या भागात घड्याळं जमवणारी बरीच मंडळी आहेत. बहुतेकांची सुरुवात घरातल्या एचएमटीपासून किंवा लग्नात मिळालेल्या टायटनपासून झालेली असते. पुढे कधीतरी डाइव्ह वॉच, म्हणजे खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी घडवलेलं घड्याळ, खुणावायला लागतं आणि मग फोन येतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं म्हणणं आधीच सांगतो. डायलवरचा खोलीचा आकडा बघून घड्याळ निवडू नका. आपल्या संग्रहात काय नाही, आपल्या मनगटावर काय बसतं आणि पुढे त्याची ओ-रिंग (पाणी अडवणारं रबराचं कडं) कोण बदलून देणार, एवढं आधी ठरवा.

सांगलीला समुद्र नाही. मग डाइव्ह वॉच घेऊन करायचं काय?

समुद्र नसला तरी पाणी आपल्याकडे भरपूर आहे. कृष्णेच्या घाटावर पहाटे पोहायला उतरणारे आहेत, होड्यांच्या शर्यतीत वल्ही मारणारे आहेत, चांदोलीच्या पावसात भटकणारे आहेत. पावसाळाभर दुचाकीवरून सांगली-मिरज करणाऱ्यांची तर गिनतीच नको. अशा वेळी साधं घड्याळ काढून खिशात टाकावं लागतं, डायव्हर (म्हणजे डाइव्ह वॉच) हातातच राहतं. शिवाय जाड काटे, ठळक खुणा, अंधारातली चमक, फिरणारं बेझल (काचेभोवतीचं खुणांचं कडं) आणि दणकट केस (घड्याळाचं बाहेरचं कवच) या गोष्टी कोरड्या जमिनीवरही रोज उपयोगी पडतात. माझ्याकडच्या घड्याळांत सगळ्यात जास्त मनगटावर असतं ते डायव्हरच.

एक सांगून ठेवतो. भिलवडी, औदुंबरच्या पट्ट्यात नदीत मगरींचा वावर आहे. तिकडे पाण्यात उतरू नका.

डायलवर '२०० मीटर' लिहिलं की ते डाइव्ह वॉच झालं का?

तेवढ्यावर होत नाही. डाइव्ह वॉचसाठी आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याची सध्याची आवृत्ती २०१८ ची. त्यानुसार घड्याळ किमान १०० मीटरला टिकलं पाहिजे, पाण्याखाली किती वेळ गेला हे दाखवणारी सोय (बहुधा एकाच दिशेनं फिरणारं बेझल) हवी, आणि पूर्ण अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे. घड्याळ चालू आहे की बंद पडलंय हेही अंधारात कळायला हवं. सेकंद काट्यावर चमकणारा ठिपका असतो तो यासाठीच. खारं पाणी, धक्के आणि चुंबकत्व यांच्या चाचण्या वेगळ्या.

या मानकातली सर्वांत मोलाची अट दाबाची आहे. प्रत्येक नग तपासायचा, आणि तोही छापलेल्या खोलीपेक्षा २५ टक्के जास्त दाबाला. म्हणजे २०० मीटरचं घड्याळ २५० मीटरच्या दाबाला उतरवून मगच बाहेर येतं. आत ओल शिरली का, हे पाहण्याची रीतही साधीच आहे. घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत गरम करतात, काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवतात, मिनिटभरानं पुसतात. काचेला आतून बाष्प दिसलं तर तो नग बाद.

साध्या पाणीरोधक घड्याळांना आयएसओ २२८१० लागू होतं. तिथे सगळे नग तपासायची सक्ती नाही, नमुन्यादाखल काही तपासले तरी चालतात. म्हणून 'डब्ल्यूआर (वॉटर रेझिस्टंट) २०० एम' आणि 'डायव्हर्स २०० एम' हे दोन्ही छाप एकाच तोलाचे मानू नका. दुसरा छाप मानक पाळणाऱ्या घड्याळावरच येतो.

याचा अर्थ पहिल्या प्रकारातली घड्याळं टाकाऊ असा घेऊ नका. कॅसिओची डुरो आणि ओरिएंटची कमासू यांवर 'डायव्हर्स' असा छाप नाही, पण पोहायला, धबधब्यात भिजायला ती उत्तम आहेत. खरोखर सिलेंडर पाठीवर घेऊन खाली जाणार असाल तर मात्र 'डायव्हर्स' लिहिलेलंच घ्या.

मग किती मीटरचं घ्यावं? २००, ३००, की थेट १०००?

साधारण दर दहा मीटर पाण्याला एक बार दाब वाढतो. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, म्हणजे सतरा मीटरच्या थोडी पुढे. हौशी स्कूबा डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर मानली जाते. स्कूबाचा विक्रम २०१४ मध्ये इजिप्तच्या अहमद गब्र यांनी तांबड्या समुद्रात केला, तो ३३२ मीटरचा. आता यावरून आपल्याला किती लागतं ते तुम्हीच बघा. २०० मीटर आणि स्क्रूची चावी (आट्यांवर फिरवून घट्ट बसणारी) एवढं पुरून उरतं.

'पोहताना हात आपटला की दाब कितीतरी पटींनी वाढतो, म्हणून ५०० मीटरचं घ्या' असं दुकानात सांगतात. हिशेब करून पाहा. सेकंदाला पाच मीटर वेगानं हात पाण्यातून गेला तरी वाढणारा दाब जेमतेम सव्वा मीटर पाण्याइतका भरतो. आकड्यासोबत मात्र केस जाड होते, काच जाड होते, वजन वाढतं आणि शर्टाची बाही अडकायला लागते. त्याची किंमत रोज मोजावी लागते.

माझ्याकडे आधीच सहा-सात घड्याळं आहेत. त्यात भर घालताना कसा विचार करू?

एखाद्या रविवारी सगळी घड्याळं चादरीवर ओळीनं मांडा आणि शांतपणे बघत बसा. आपल्याकडच्या संग्रहात साधारणपणे एचएमटी जनता किंवा पायलट, एखादं पातळ टायटन, एखादं चामडी पट्ट्याचं समारंभाचं घड्याळ आणि एखादं डिजिटल कॅसिओ असतं. अशा ओळीत काय नाही ते लगेच दिसतं: जाड, भिजायला तयार, रात्री वाचता येणारं घड्याळ. तुमच्या ओळीत चारही तबकड्या काळ्या असतील तर पाचवी काळी घेऊ नका. निळी, हिरवी किंवा नारिंगी तबकडी डायव्हरला जितकी शोभते तितकी दुसऱ्या कुठल्याच प्रकाराला शोभत नाही. सगळी चावीची आणि ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीवर चालणारी) असतील तर सोलर क्वार्ट्झ (प्रकाशावर चार्ज होणारं) घ्या. उचलावं आणि घालावं, वेळ लावायची भानगड नको, असं एक घड्याळ प्रत्येक संग्रहात हवंच.

मला स्वतःला नातं सांगणारी घड्याळं आवडतात. एचएमटीचा पहिला घड्याळ कारखाना १९६१ मध्ये बंगळुरात जपानच्या सिटिझनच्या तांत्रिक सहकार्यानं सुरू झाला. म्हणजे आजोबांची जनता आणि सिटिझनची आजची प्रोमास्टर डायव्हर एका घराण्यातल्या. जनताशेजारी प्रोमास्टर एनवाय००४० ठेवली की संग्रहाला एक गोष्ट मिळते. एनवाय००४० वर्षानुवर्षं जवळपास त्याच रूपात चालत आली आहे. तिची चावी आठच्या बाजूला आहे, त्यामुळे मनगट मागे वाकवलं तरी ती हाताला टोचत नाही.

असंच नातं सेकोच्या बाबतीत जोडता येतं. सेकोनं पहिलं डाइव्ह वॉच १९६५ मध्ये आणलं, १५० मीटरचं. त्याच घड्याळाच्या घडणीवर बेतलेलं एसपीबी१४३ २०२० मध्ये आलं. ज्याला जुन्या घड्याळाचा चेहरा हवा पण जुन्या घड्याळाचं दुखणं नको, त्यानं हे हातात घेऊन पाहावं. आणि या प्रकाराची मुळं शोधायची तर १९५३ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी ब्लाँपाँची फिफ्टी फॅदम्स आली. फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या जवानांच्या गरजा ऐकून ते घड्याळ घडवलं होतं. रोलेक्सची सबमरीनरही त्याच वर्षातली. आज बाजारात दिसणारं जवळजवळ प्रत्येक डायव्हर या दोघांचं काही ना काही घेऊन आलेलं असतं.

एकाच धाटणीची दोन डायव्हर घेण्याचा मोह टाळा. काळी तबकडी, काळं बेझल, चेन असं एक असताना दुसरं घेतलं की दोघांपैकी एक पडून राहतं. पडून राहिलेल्या ऑटोमॅटिकचं तेल सुकतं.

माझं मनगट बारीक आहे. डायव्हर मोठं नाही का दिसणार?

सगळे फक्त व्यास बघतात. खरा बघायचा आकडा म्हणजे वरच्या लगच्या (पट्टा अडकवायच्या शिंगाच्या) टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतची लांबी. कागदाची पट्टी मनगटाच्या सपाट भागावर आडवी धरा आणि जिथे उतार सुरू होतो तिथे दोन्हीकडे खूण करा. ही रुंदी ४८ मिलिमीटर असेल तर ४६-४७ लांबीचं घड्याळ छान बसेल. सेकोची जुनी एसकेएक्स००७ व्यासानं ४२ च्या वर आहे, पण लांबी ४६ च्याच आसपास, म्हणून ती बारीक मनगटावरही शोभते. एसपीबी१४३ चा व्यास ४०.५ आणि लांबी ४७.६. जाडी १३ मिलिमीटरच्या आत असेल तर उत्तम. १५ च्या पुढे गेलं की घड्याळ दाराच्या कडीला आपटायला लागतं.

ऑटोमॅटिक, साधं क्वार्ट्झ, की सोलर?

यावर घड्याळवेड्यांत रात्र रात्र वाद होतात. मी माझ्या बाजूचं मांडतो.

ऑटोमॅटिक घड्याळ आतल्या रोटरवर चालतं. हात हलला की रोटर फिरतो आणि स्प्रिंगला चावी भरते. सेकोचं ४आर३६ मशीन पूर्ण भरलं की ४१ तास चालतं. सेको त्याची अचूकता दिवसाला उणे ३५ ते अधिक ४५ सेकंद अशी देते, प्रत्यक्षात बहुतेक नग याहून चांगलेच चालतात. ६आर३५ चा साठा ७० तासांचा. टिसोच्या सीस्टारमधलं पॉवरमॅटिक ८० नावाप्रमाणे ८० तास चालतं. शुक्रवारी रात्री काढून ठेवलं तरी सोमवारी सकाळी ते चालूच असतं. ज्याच्याकडे आठ-दहा घड्याळं आळीपाळीनं घालायला आहेत, त्याला हा फरक रोज जाणवतो.

सोलरमध्ये सिटिझनची इको-ड्राइव्ह. प्रोमास्टर बीएन०१५० पूर्ण भरलं की अंधारात सहा महिने चालतं, आणि फरक महिन्याला १५ सेकंदांच्या आत. प्रकाश कमी पडला की सेकंद काटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारून आपल्याला कळवतो. दर दोन वर्षांनी सेल बदलायला झाकण उघडावं लागत नाही, आणि पाण्याच्या घड्याळात झाकण जितकं कमी उघडेल तितकं चांगलं. पहिलंच डायव्हर असेल आणि ते खरंच भिजवायचं असेल, तर माझं मत सोलरला.

कुपवाड एमआयडीसीत काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सरफेस ग्राइंडरचं मॅग्नेटिक चक, मोठे स्पीकर, फोनच्या कव्हरातलं चुंबक यांच्याजवळ ऑटोमॅटिक नेऊ नका. हेअरस्प्रिंगचे (घड्याळाचा ठेका राखणाऱ्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटले की घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळतं. बिघडलं म्हणून घाबरू नका, घड्याळजीकडच्या डीमॅग्नेटायझरवर ते मिनिटभरात ताळ्यावर येतं.

काच कोणती बघावी?

सफायर. कडकपणात हिऱ्याच्याच खाली, रोजच्या वापरात ओरखडा जवळजवळ पडत नाही. सेकोची हार्डलेक्स ही मिनरल काच आहे. तिच्यावर ओरखडे येतात, पण बदलून मिळते आणि सफायरपेक्षा स्वस्त पडते.

बेझल नीट आहे की नाही हे दुकानात कसं ओळखायचं?

घड्याळ मनगटावर न घालता टेबलावर ठेवा. अंगठा आणि तर्जनीनं बेझल डावीकडे फिरवा आणि कान द्या. १२० क्लिकचं असेल तर प्रत्येक अर्ध्या मिनिटाला एक बारीक, कोरडा आवाज यायला हवा. आवाज मध्येच भरडा झाला किंवा बेझल एखाद्या जागी अडकलं तर दुसरा नग मागा. आता त्रिकोणाची खूण बाराच्या खुणेवर आणा आणि मान सरळ ठेवून बघा. त्रिकोण अर्धा क्लिक इकडे-तिकडे असेल तर तो दोष आहे. आज दुर्लक्ष कराल, पण पुढे रोज तेवढंच दिसत राहील. शेवटी बेझल उलट दिशेनं हलवून पाहा. किंचित खेळ चालतो, फिरता कामा नये.

ते एकाच दिशेनं का फिरतं, त्यालाही कारण आहे. पाण्याखाली धक्का लागून बेझल सरकलं तरी गेलेला वेळ जास्तच दिसतो, कमी कधीच नाही. हवा संपत आलीय असं वाटून माणूस लवकर वर येतो. उलटं झालं तर जीवावर बेतेल.

बेझलवरची पट्टी ॲल्युमिनियमची असेल तर रंग हळूहळू फिका पडतो आणि ओरखडे दिसतात. सिरॅमिकला काही होत नाही, पण फरशीवर पडलं तर तडकू शकतं. मला फिकं पडलेलं ॲल्युमिनियम आवडतं. ही आवडीची गोष्ट आहे.

अंधारात चमकणारा रंग रात्रभर टिकतो का?

चांगला असेल तर पहाटेपर्यंत वेळ वाचता येते. आजचे लूम (हा चमकणारा रंग) स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचे असतात. ते प्रकाश साठवतात आणि अंधारात सोडतात, किरणोत्सर्गी नसतात. पूर्वी रेडियम, मग ट्रिटियम वापरत. दुकानात मोबाइलचा टॉर्च पाच सेकंद मारून हाताचा आडोसा करून बघा. सगळ्या खुणा सारख्या उजळल्या पाहिजेत. या बाबतीत सेकोचा हात धरणारं या किमतीत कुणी नाही.

हेलियम व्हॉल्व्ह असलेलं घ्यावं का?

गरज नाही. दिवसेंदिवस दाबाच्या खोलीत राहून काम करणाऱ्या सॅच्युरेशन डायव्हरसाठी तो आहे. घड्याळात शिरलेला हेलियम वर येताना बाहेर पडला नाही तर काच उडू शकते, म्हणून ती सोय. दिसायला आवडत असेल तर घ्या, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

माझ्या बजेटमध्ये काय येईल?

भाव सतत हलतात, म्हणून पट्टेच सांगतो. दहा हजारांच्या आत-बाहेर कॅसिओ डुरो एमडीव्ही-१०७. क्वार्ट्झ, २०० मीटर, स्क्रूची चावी. या पैशांत याहून प्रामाणिक घड्याळ मला माहीत नाही. व्यास ४४ आहे, तेवढं मनगटावर घालून बघा. वीस ते तीस हजारांत सिटिझन बीएन०१५०, ओरिएंटचं कमासू (सफायर काच, ऑटोमॅटिक), आणि सेको ५ स्पोर्ट्स. सेको ५ स्पोर्ट्सचं रूप डायव्हरचं, पण ते १०० मीटरचं आहे आणि 'डायव्हर्स' छाप त्यावर नाही. घेताना हे माहीत असू द्या. पन्नास हजारांच्या आसपास आणि पुढे सेको प्रोस्पेक्सची टर्टल, सामुराई वगैरे. त्यापुढे टिसो सीस्टार १०००, जे ३०० मीटरचं आहे.

पहिलं डायव्हर घेणाऱ्याला मी वरच्या पट्ट्यावर उडी मारायला सांगत नाही. डुरो किंवा बीएन०१५० वर्षभर वापरा. आपल्याला जाडी खपते का, बेझलचा उपयोग होतो का, हे वापरूनच कळतं.

पाणी आत जाऊ नये म्हणून काय सांभाळायचं?

या उत्तरासाठीच मी बाकीचं लिहिलं असं समजा. घड्याळाला पाण्यापासून वाचवतं ते रबराचं कडं. झाकणाखाली एक, चावीच्या नळीत एक-दोन, काचेभोवती एक. बाकी केस कितीही दणकट असो, ही कडी सुकली की खेळ संपला.

गणपती पेठेतल्या एका जुन्या घड्याळजींनी मला हे दाखवलं होतं. त्यांनी मागचं झाकण उघडलं, चिमट्यानं ओ-रिंग उचलली आणि नवीन ओ-रिंगशेजारी पांढऱ्या कागदावर ठेवली. नवीन रिंग गोलसर, मऊ, काळीभोर. जुनीची एक बाजू दाबून सपाट झालेली, चकाकणारी, आणि ताणल्यावर तिच्यावर केसासारख्या रेघा उमटल्या. मग काडीला कापूस गुंडाळून त्यांनी खाच फिरून फिरून पुसली. कापूस पिवळा निघाला. घड्याळाचे मालक हळदीच्या अडत्याकडे कामाला होते. नवीन रिंगला सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात लावला, थापलं नाही. जास्त ग्रीस धूळ धरून ठेवतं. व्हॅसलीन तर लावूच नका.

यानंतर दाबाची चाचणी. कोरड्या यंत्रात हवेचा दाब देतात आणि केस किती मायक्रॉन दबते, दबलेली राहते का, हे मोजतात. हवा आत शिरत असेल तर केस पुन्हा सावरते आणि काटा ते दाखवतो. असं यंत्र प्रत्येक दुकानात नसतं, म्हणून सेल बदलायला देण्याआधी स्पष्ट विचारा: 'प्रेशर टेस्ट करून देता का?' नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा. नेहमी पोहत असाल तर वर्षातून एकदा चाचणी, आणि दोन-तीन वर्षांनी ओ-रिंग बदल.

चावीचं तंत्र सगळ्यांनी शिकून घ्यावं. स्क्रूची चावी बंद करताना आधी हलक्या दाबानं उलटी फिरवा. आटे जुळल्याचा बारीक टक्का बोटाला लागतो. मग सुलटी फिरवा. घाईनं आडवे आटे चढवले की नळी खराब होते आणि खर्च मोठा होतो. चावी उघडी असताना पाण्याजवळ जाऊ नका आणि पाण्याखाली ती कधीही उघडू नका.

गरम पाण्याची आंघोळ, साबण, शॅम्पू हे रबराचे शत्रू. डायव्हर असलं तरी आंघोळीला काढून ठेवा. तासगाव-मिरजेच्या बागायतदारांनी फवारणीच्या दिवशी घड्याळ घरीच ठेवावं. बोर्डो मिश्रण किंवा गंधक उडालंच तर लगेच साध्या पाण्यानं धुवा. हळद बेझलच्या फटीत बसते, तिच्यासाठी मऊ टूथब्रश आणि कोमट पाणी पुरतं.

काचेला आतून बाष्प धरलंय. काय करू?

त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, उन्हात ठेवू नका. आतली ओल तशानं नीट जात नाही, तोवर मशीनला गंज चढायला सुरुवात होते. खाऱ्या पाण्याचं असेल तर एक दिवसही उशीर नको.

पूररेषेत राहणाऱ्यांनी जुलै लागला की घड्याळं वरच्या मजल्यावर किंवा नातेवाइकांकडे हलवावीत. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे. तिथपर्यंत पाणी येण्याची वाट बघू नका, त्या वेळी घरात दुसरी कामं असतात. डायव्हर पाण्यात बुडून टिकेलही, पण शेजारचं एचएमटी टिकणार नाही. गाळानं माखलेलं घड्याळ सापडलं तर चावी, बेझल काहीही न फिरवता आधी वाहत्या पाण्याखाली गाळ उतरवा. गाळाचे कण फिरवल्यावरच आत ढकलले जातात.

जुनं सेको डायव्हर ऑनलाइन स्वस्तात मिळतंय. घेऊ का?

सावध राहा. जुन्या ६३०९ सारख्या सेको डायव्हरच्या नावाखाली रंगवलेल्या नव्या तबकड्या, भलतेच काटे आणि बाजारू बेझल जोडून विकलेली घड्याळं खूप फिरतात. संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. तबकडी झगमगीत नवी आणि केस मात्र झिजलेली, असा मेळ दिसला की थांबा. तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरांत असलेला कोड आणि मागच्या झाकणावरचा मॉडेल क्रमांक जुळतो का ते पाहा, मशीनचा फोटो मागा. अस्सल निघालं तरी तपासणीशिवाय त्याला पाणी दाखवू नका. ते कपाटातलं आणि कोरड्या दिवसाचं घड्याळ.

एसकेएक्स००७ ची गोष्ट थोडी वेगळी. १९९६ मध्ये आलेलं हे घड्याळ आता बंद झालंय आणि त्याचे भाव चढलेत. आवडत असेल तर घ्या, पण त्याच्या ७एस२६ मशीनला हातानं चावी देता येत नाही आणि सेकंद काटा थांबवता येत नाही, हे लक्षात ठेवा.

सबमरीनरची 'फर्स्ट कॉपी' संग्रहात ठेवायला काय हरकत आहे?

नका ठेवू. खोटं नाव लावलेलं घड्याळ पाण्यातही भरवशाचं नसतं, आणि त्याच पैशांत खरी डुरो येते.

सांगलीत घ्यावं की पुण्या-मुंबईला जावं?

सिटिझन, कॅसिओ, सेकोसाठी आधी आपल्या भागातला अधिकृत विक्रेता पाहा, नसेल तर कोल्हापूर किंवा पुणे गाठा. हातावर घालून पाहता येतं आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड मिळतं. परदेशातून मागवलं तर किमतीवर सीमाशुल्क आणि जीएसटी चढतो, शिवाय वॉरंटी इथे चालेलच असं नाही. हा हिशेब आधी मांडा. नात्यातला कुणी दुबईहून आणणार असेल तरी बिल जपून ठेवायला सांगा.

चेन, रबर की कापडी पट्टा?

आपल्या उन्हाळ्यात रबर. स्वस्त सिलिकॉनला धूळ फार चिकटते, थोडे पैसे जास्त घालून एफकेएम रबर घ्या. कापडी नाटो पट्ट्याचा फायदा असा की एक स्प्रिंग बार तुटला तरी घड्याळ हातातून पडत नाही, पण तो ओला राहतो. चामडं पावसाळ्यात नको. पट्टा घेण्याआधी लगमधलं अंतर मोजा, २० की २२. आणि सेकोच्या जुन्या डायव्हरना जाड स्प्रिंग बार लागतात, साधे बसवू नका.

पहिल्यांदा तारकर्लीला स्कूबा करायला जातोय. घड्याळ घालून जाऊ का?

जा. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. नवख्यांना प्रशिक्षकासोबत कमी खोलीवरच नेतात, त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या २०० मीटरच्या घड्याळाला तिथे काही होत नाही. वेळेचा आणि खोलीचा हिशेब मात्र प्रशिक्षक आणि त्याचा डाइव्ह कॉम्प्युटर ठेवतो, तुमच्या घड्याळावर विसंबू नका. निघण्याच्या आदल्या आठवड्यात सेल बदललेला असेल आणि चाचणी केली नसेल, तर ते घड्याळ घरी ठेवा. पाण्यात उतरण्याआधी चावी घट्ट आहे ना ते बघा, वेटसूटवरून बांधायचं तर पट्टा पुरतो का तेही आदल्या रात्रीच पाहून ठेवा.

बाहेर आल्यावर मीठ सुकायच्या आत घड्याळ गोड्या पाण्यात बुडवा आणि नळाखाली बेझल दोन-तीन फेरे फिरवा. चेन असेल तर कड्यांमधली आणि क्लास्पमधली (चेन बंद करायच्या आकड्यातली) वाळू टूथब्रशनं काढा. वाळू राहिली तर सगळ्यात आधी क्लास्पची स्प्रिंग खराब होते.